पुण्यातले जमिनीचे वकील : कागदामागचा कागद शोधणारा पेशा

कोंढवा बुद्रुक येथील ११.८९ हेक्टर जमिनीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२५ रोजी दिला, तेव्हा वर्तमानपत्रांत मंत्री, महसूल अधिकारी आणि बिल्डर यांचीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने या तिघांच्या संगनमतावर अगदी उघड शब्दांत बोट ठेवले आहे. पण व्यापार-व्यवहाराच्या पानावर लिहिताना आम्हाला त्या निकालातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या कागदावर हा कोट्यवधींचा व्यवहार कोसळला, तो कागद १८७९ सालचा होता. ही जमीन राखीव वन म्हणून त्या साली जाहीर झाली होती. पुढे १९९८ साली ती शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला देण्यात आली, १९९९ साली ती रिची रिच सहकारी गृहनिर्माण संस्थेला विकण्याची परवानगी मिळाली, २००५ साली बिगरशेतीचा हुकूम झाला, २००७ साली पर्यावरण खात्याची मंजुरीही आली. एकावर एक सरकारी शिक्के पडत गेले. सर्वोच्च न्यायालयाने हे सारे बेकायदा ठरवले आणि जमीन वनखात्याकडे परत देण्याचा हुकूम केला. एवढेच नव्हे, तर महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वनजमिनी खाजगी लोकांना दिल्या गेल्या आहेत काय, हे तपासण्यासाठी सर्व राज्यांना पथके नेमायला सांगितले.

आता वाचकांनी जरा विचार करावा. पुण्यात फ्लॅट घेताना वकिलाचा जो 'सर्च रिपोर्ट' आपल्या हाती येतो, तो साधारणपणे तीस वर्षांचा असतो. तीस वर्षांत ही १८७९ ची नोंद सापडली असती काय? सब-रजिस्ट्रार कचेरीच्या इंडेक्समध्ये तर मुळीच नाही. म्हणजे वकील किती मागे जातो, कोणत्या कचेरीत जातो आणि कोणता कागद मागतो, यावर माणसाची आयुष्याची पुंजी अवलंबून असते. याच वकिलीविषयी, म्हणजे जमीनजुमल्याच्या वकिलीविषयी आज लिहावयाचे आहे. कोंढवा हे नाव आमच्या वाचकांना परके नाही. मोमीनपुरा, घोरपडे पेठ, भवानी पेठ, कॅम्प येथून निघून कितीतरी कुटुंबांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिथेच घर केले आहे.

फौजदारी वकिलाचे नाव पेपरात येते. त्याची उलटतपासणी ऐकायला कोर्टात गर्दी होते. जमिनीच्या वकिलाला ही प्रसिद्धी नाही. त्याचे निम्मे काम शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाबाहेरच चालते: तलाठी कार्यालय, तहसील, भूमी अभिलेख, सिटी सर्व्हे, हवेलीचे दुय्यम निबंधक, महापालिकेचे बांधकाम खाते. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे या माणसाची कीर्ती एका गिऱ्हाइकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जाते. त्याचे नाव छापून येते ते फक्त एका जागी, 'जाहीर नोटीस' या सदरात. रोजच्या मराठी दैनिकात बारीक टाइपात ज्या नोटिसा असतात, 'आमचे अशील खालील मिळकत खरेदी करीत असून कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांत कळवावे', त्या याच मंडळींच्या. या नोटिसा लोक वाचत नाहीत. वाचाव्यात, असे आम्ही आग्रहाने सांगतो. नोटिशीला उत्तर दिले नाही म्हणून खरा हक्क बुडत नाही हे खरे. पण वेळेवर एक हरकत गेली तर पुढची पंधरा वर्षांची दावेबाजी वाचते.

सर्च म्हणजे काय, आणि तीसच वर्षे का?

पुष्कळांची समजूत अशी की सातबारा नावावर आहे म्हणजे जमीन आपली. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. मालकी येते ती दस्तातून, वारसाहक्कातून, वाटणीतून किंवा कोर्टाच्या हुकुमातून. म्हणून चांगला वकील सातबारा हातात घेतल्यावर त्यावर लिहिलेले फेरफार नंबर वर्तुळात बघतो आणि एकेक फेरफार काढायला लावतो. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, वारस लावताना कोणाला वगळले, 'इतर हक्कात' कोणाचे नाव होते आणि ते कसे उडाले, हे फेरफारात कळते. गट नंबर पडण्यापूर्वीचा सर्व्हे नंबर कोणता, एकत्रीकरणात क्षेत्र कमी झाले की वाढले, आकारफोड कधी झाली, मोजणीची 'क' प्रत जागेशी जुळते काय, हे सगळे त्यानंतर.

तीस वर्षांचा हिशेब कायद्यातूनच आला आहे. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदत कायदा १९६३ ने तीस वर्षे दिली आहेत, सरकारने लावायच्या दाव्यालाही तीसच वर्षे. तीस वर्षांपूर्वीचा दस्त योग्य ताब्यातून आला तर तो खरा मानण्याची सवलत पुराव्याच्या जुन्या कायद्यात होती आणि २०२४ साली लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती ठेवली आहे. म्हणून बँकांनी तीस वर्षांचा पायंडा पाडला. हा पायंडा वाईट नाही, पण तो किमान आहे. लोक त्याला कमाल समजतात. वन, वतन, इनाम, वक्फ, संपादन यांच्या नोंदींना तीस वर्षांचे कुंपण नाही. वनजमिनींसाठी गाव नमुना १-अ आहे, अटींवर दिलेल्या जमिनींसाठी १-क आहे, इनामाच्या म्हणजे दुमाला जमिनींसाठी नमुना ३ आहे. तलाठ्याच्या दप्तरात हे नमुने असतात. सातबाऱ्याची प्रत मागणारे शेकडो. नमुना १-अ मागणारा क्वचितच.

संगणक येण्यापूर्वी सर्च घेणे हे अंगमेहनतीचे काम होते. निबंधक कचेरीत इंडेक्स दोनची जाडजूड बाडे काढून ज्युनिअर वकील किंवा सर्च क्लार्क दिवसभर बसे. धूळ, वाळवी, फाटकी पाने. आजही जुन्या वर्षांच्या रिपोर्टात 'अमुक सालच्या इंडेक्सची काही पाने फाटलेली आढळली' अशी ओळ असते. ती ओळ वकिलाने स्वतःला वाचवण्यासाठी घातलेली असते आणि गिऱ्हाईक ती वाचतच नाही! या शतकाच्या सुरुवातीला नोंदणी संगणकावर आली, नंतर सातबारा ऑनलाइन झाला, डिजिटल सहीचा निघू लागला, इंडेक्स दोन घरबसल्या पाहता येऊ लागला. सोय झाली हे कबूल. पण ऑनलाइन दिसते ते नजीकच्या वर्षांचे. जुने शोधायला आजही कचेरीच गाठावी लागते. आणि संगणकात चूक भरली गेली असेल तर ती दुरुस्त करून घेणे, हा वकिलांचा एक नवाच धंदा होऊन बसला आहे.

मुल्ला साहेबांचे पुस्तक

या पेशातल्या प्रत्येक कचेरीत एक नाव कपाटात उभे असते: मुल्ला. आमच्यातल्या अनेकांना हे कोणी मौलवी असावेत असे वाटते. ते होते मुंबईचे पारशी, सर दिनशॉ फर्दुनजी मुल्ला, जन्म १८६८, मृत्यू १९३४. भावाबरोबर १८९५ साली त्यांनी सॉलिसिटरची पेढी काढली, कायदा शिकवला, व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य झाले आणि १९३० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. मालमत्ता हस्तांतरण कायद्यावरचा, मुस्लिम कायद्यावरचा, हिंदू कायद्यावरचा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेवरचा त्यांचा ग्रंथ वकिलाच्या टेबलावरून आजही हललेला नाही. दरवेळी नवे संपादक नवी आवृत्ती काढतात. मुसलमान कुटुंबाच्या हिश्श्याचा दावा पुण्याच्या कोर्टात चालला की दोन्ही बाजूंचे वकील याच पारशी गृहस्थांचे पान उघडतात. जमिनीची वकिली करणाऱ्याला कोणते कायदे लागतात, याचा अभ्यासक्रम म्हणून ही यादी पुरेशी आहे.

पुण्यात १९२४ साली इंडियन लॉ सोसायटीने लॉ कॉलेज काढले, ज्याच्यामुळे त्या रस्त्यालाच लॉ कॉलेज रोड हे नाव पडले. तेव्हापासून पुण्याला वकिलांची वाण पडलेली नाही. पण जमिनीच्या वकिलीला खरी तेजी आली ती स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांमुळे. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, १९५२ चा वैयक्तिक इनामे रद्द करणारा कायदा, १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा. जमीन कूळाला मिळाली, वतनदाराला परत दिली गेली, पण 'नवीन शर्त' लावून. सरकारच्या परवानगीशिवाय विकायची नाही अशी अट. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' हे शब्द दिसले की चांगला वकील लेखणी खाली ठेवतो आणि परवानगीचा हुकूम मागतो. शहर वाढत मुंढवा, हडपसर, कोंढवा, बाणेरकडे गेले तसे हे जुने शब्द पुन्हा जिवंत झाले. पन्नास वर्षांपूर्वी ज्या वतनाच्या तुकड्याला कोणी विचारत नव्हते, त्याच्यावर आता टॉवर उभे करायचे असतात!

पुढे १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. पुण्यात मोकळ्या जमिनीची मर्यादा १००० चौरस मीटर ठरली, मुंबईत ५००. या कायद्याने एकतीस वर्षे वकिलांना काम पुरवले. विवरणपत्र भरा, सूट मागा, दुर्बल घटकांसाठी योजना दाखवा, अपील करा. कायद्याचा हेतू गरिबाला घर मिळावे हा होता. पुण्याच्या गरिबाला त्यातून किती घरे मिळाली याचा हिशेब मांडला तर कोणालाच अभिमान वाटणार नाही, असे आमचे मत आहे. महाराष्ट्राने २९ नोव्हेंबर २००७ पासून तो रद्द केला. तरी काम संपले नाही. ज्या जमिनीचा ताबा सरकारने रद्द होण्यापूर्वी घेतला ती सरकारची, नाही घेतला ती मालकाची. मग ताबा 'खरोखर' घेतला होता की नुसता कागदावर, यावर वाद. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हरी राम या खटल्यात कागदी ताबा पुरेसा नाही असे सांगितले. पुण्याच्या कितीतरी सातबाऱ्यांवरचा 'यूएलसी'चा शेरा मात्र अजून पुसलेला नाही, आणि तो शेरा पुसून घेणे म्हणजे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणे.

मगरपट्ट्याचे उदाहरण येथे सांगितले पाहिजे. शंभरावर शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र आणली, स्वतःची कंपनी केली आणि जमिनीच्या प्रमाणात भागभांडवल घेतले. त्यात एकाही कुटुंबाच्या सातबाऱ्यात दोष निघाला असता तर सगळेच अडले असते. शंभर घरांचे वारस, वाटण्या, बहिणींचे हक्क एका धाग्यात ओवणे हे वास्तुविशारदाचे नव्हे, कागद वाचणाऱ्याचे काम.

आपल्या घरातली भांडणे

आता आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा विषय. जमिनीच्या वकिलाकडे मुस्लिम कुटुंबांची जी प्रकरणे येतात, त्यांतली बहुतेक फसवणुकीची नसतात, गैरसमजाची असतात.

पहिला गैरसमज असा की वडील वारले, मोठा भाऊ घरचा कर्ता, तेव्हा त्याने सही केली की झाले. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंब आणि कर्ता हा प्रकारच नाही. मृत्यूच्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरून जातो. बेवा, मुलगे, मुली, हयात असतील तर आई-वडील, सगळे आपापल्या हिश्श्याचे मालक. मुले असतील तर बेवेला आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा. मोठ्या भावाने दुकान विकले तर त्याचा स्वतःचा हिस्सा तेवढा गेला. बहिणीचा तिथेच आहे. बहीण लग्न होऊन सोलापूरला गेली, तिने वीस वर्षे काही मागितले नाही, म्हणून तिचा हक्क संपला असे वकिलाने लिहून देणे म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात दावा बांधणे. खरा वकील नोंदलेले हक्कसोडपत्र मागतो. ते मागितले की घरात वाद होतो, आणि वकिलालाच दोष मिळतो. व्यवहार मोडला तरी चालेल, पण बहिणीला बोलवा, असे सांगणारा वकील आम्हाला अधिक किमती वाटतो. शेतजमिनीचा प्रश्न आणखी निराळा, कारण १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे. तिथे वारसाचा मुद्दा स्वतंत्रपणे तपासून घ्यावा.

दुसरा गैरसमज लहान मुलांच्या बाबतीत. बाप गेला, मुले लहान, आई घर चालवण्यासाठी एक खोली किंवा दुकान विकते. माणुसकीच्या नात्याने यात कोणाला काही वावगे दिसणार नाही. पण प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबंदी खटल्यात स्पष्ट केले की मुस्लिम कायद्याप्रमाणे आई ही मुलांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक नाही आणि तिने केलेली विक्री मुलांवर बंधनकारक होत नाही. मुले सज्ञान झाल्यावर दावा लावतात. उपाय आहे: १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यायची. वेळ लागतो, खर्च होतो, पण घेणाऱ्याची आणि यतीम मुलांचीही त्यात सुरक्षितता आहे.

तिसरी बाब हिब्याची. बापाने चार माणसांत सांगितले, मुलाने कबूल केले आणि ताबा दिला, तर हिबा पुरा झाला; नोंदणी आवश्यक नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ ने ही सवलत दिली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हाफिजा बीबी खटल्यात ती मान्य करताना, हिबा कागदावर लिहिला तरी नोंदणी सक्तीची होत नाही असे म्हटले. हे ऐकून लोक खूष होतात. वकील मात्र खूष होत नाहीत. कारण बाप गेल्यावर चार साक्षीदारांपैकी दोघे वारलेले, तिसरा दुबईला, आणि चौथा दुसऱ्या भावाचा मेहुणा! ताबा दिला होता हे सिद्ध कसे करणार? महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नीला, मुलामुलींना, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार काय तो निराळा. एवढ्या खर्चात नोंदणी होत असताना तोंडी हिब्यावर विसंबणे आम्हाला तरी शहाणपणाचे वाटत नाही. मृत्युपत्राचेही तसेच: एक तृतीयांशाच्या वर किंवा वारसालाच दिले तर बाकीच्या वारसांची संमती लागते, हे ठाऊक नसल्याने कित्येक मृत्युपत्रे कागदाच्या किमतीचीही राहत नाहीत.

आणि वक्फ. मशिदीच्या, दर्ग्याच्या, कब्रस्तानच्या जमिनी पुण्यात मोक्याच्या जागी आहेत. एकदा वक्फ ते कायम वक्फ, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सय्यद अली खटल्यात सांगितले आहे. १९९५ च्या कायद्यात २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने वक्फ मिळकतीची विक्री, बक्षीस, गहाण, अदलाबदल मुळातच रद्दबातल ठरवली. मग मुतवल्लीने करून दिलेला दस्त कितीही सुबक असला तरी काय उपयोग? उलट बाजूही पाहिली पाहिजे. मुसलमानाने केलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट हा वक्फ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र वक्फ मंडळाच्याच खटल्यात २०२२ साली म्हटले. २०२५ साली कायद्यात पुन्हा मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यातील काही कलमांना त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी अंतरिम स्थगिती मिळाली. या विषयात आज सल्ला देणाऱ्याला मूळ वक्फनामा, सरकारी राजपत्रातील यादी, धर्मादाय आयुक्तांकडील नोंद आणि सिटी सर्व्हेचा उतारा ही चारही दप्तरे पाहावी लागतात. असे जाणकार थोडे आहेत, आणि आपल्या समाजात तर फारच थोडे.

कॅम्पात दुकान किंवा बंगला घेणाऱ्यांसाठी एक शब्द: ओल्ड ग्रँट. छावणीतल्या अनेक जुन्या बंगल्यांची जमीन संरक्षण खात्याची असून राहणाऱ्याचा हक्क फक्त वरच्या बांधकामावर आहे. तेथे सातबारा नाही, संरक्षण मालमत्ता अधिकाऱ्याकडील जीएलआर नावाची नोंदवही आहे. पेठेतल्या वकिलाला ती माहीत असेलच असे नाही.

वकील चुकला तर?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, विचारायला हवा. हैदराबादच्या एका बँकेच्या गृहकर्ज प्रकरणात खोट्या कागदांवर मालकीचा दाखला दिला म्हणून पॅनेलवरील वकिलावर सीबीआयने खटला भरला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली (नारायण राव खटला) सांगितले की मत चुकले एवढ्यावरून वकील कटात सामील ठरत नाही. संगनमताचा पुरावा लागतो. हे योग्यच आहे, नाहीतर कोणी सहीच करणार नाही. मग १४ मे २०२४ रोजी त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही असाही निर्णय दिला. म्हणजे चुकीच्या सर्च रिपोर्टसाठी ग्राहक मंचात जाता येणार नाही. बार कौन्सिलकडे तक्रार किंवा दिवाणी दावा, एवढेच उरले.

गिऱ्हाइकाला थोडा आधार रेरा कायद्याने दिला आहे. १ मे २०१७ पासून बिल्डरला मालकीविषयीचा वकिलाचा दाखला महारेराच्या नोंदणीत जोडावा लागतो, करार नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मालकी सदोष निघाली तर बिल्डरने भरपाई द्यावी आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही, हे कलम १८ चे पोटकलम २ तर प्रत्येक फ्लॅटधारकाने पाठ करावे. परंतु हा दाखला बिल्डरच्या वकिलाचा असतो. बँकेचा रिपोर्ट बँकेसाठी असतो. घेणाऱ्याचा स्वतःचा वकील कुठे आहे? पन्नास-साठ लाखांच्या घरासाठी लोक सात टक्के मुद्रांक शुल्क मुकाट्याने भरतात (बाईच्या नावावर घेतले तर एक टक्का वाचतो), तीस हजार नोंदणी फी भरतात, फर्निचरवर चार लाख घालतात आणि स्वतःच्या वकिलाला द्यायच्या फीत घासाघीस करतात. आम्हाला याचे नवल वाटते. गुंठेवारीच्या प्लॉटात तर याहून वाईट. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर जागा घेऊन लोक मोकळे होतात. असल्या कागदांनी मालकी येत नाही हे सूरज लॅम्प खटल्यात २०११ सालीच सांगून झाले आहे.

नव्या मुलांसाठी

बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायदा शिकायचा, राज्याची सीईटी द्यायची, मग महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. पुण्यात कॉलेजांची कमतरता नाही. कॅम्पात आझम कॅम्पसमध्येही ए.के.के. न्यू लॉ अकॅडमी आहे. पण जमिनीची वकिली कॉलेजात शिकवली जात नाही. ती शिकायची तर एखाद्या ज्येष्ठाकडे पहिली काही वर्षे काढावी लागतात, आणि त्या काळात पैसा थोडाच मिळतो. ज्या घरात लगेच कमाई हवी असते, तिथला हुशार मुलगा इथेच गळतो. शक्य असेल त्यांनी ही वर्षे मुलाला, आणि मुलीलाही, काढू द्यावीत. दस्तलेखनाच्या टेबलाशी मुली आता बऱ्याच दिसतात आणि कागद बारकाईने वाचण्यात त्या कमी नाहीत. या कामात उतारवयातही उत्पन्न घटत नाही, कारण गिऱ्हाईक आवाजाला नव्हे, आठवणीला पैसे देते. कोणत्या गटाला कोणता वाद होता हे ज्याला आठवते, त्याच्याकडे लोक पुन्हा येतात.

हायकोर्टासाठी पुणेकराला आजही मुंबई गाठावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. त्यामुळे पुण्यातला जमिनीचा वकील बहुधा जिल्हा न्यायालय आणि महसुली अपिले यांतच आपले बस्तान बसवतो: प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांनी हेरली आहे. एकोणिसाव्या शतकातले इनामाचे आणि वतनाचे कागद मोडी लिपीत आहेत. मशिदी-दर्ग्यांच्या जुन्या सनदा पुष्कळदा फारसीत आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे लाखो कागद पडून आहेत आणि तो विभाग मोडी शिकवण्याचे वर्गही घेत असतो. मोडी वाचणारा वकील आज पुण्यात दुर्मिळ. त्याला लिप्यंतर करणाऱ्याच्या भरवशावर राहावे लागते. घरात उर्दू वाचता येणाऱ्या मुलाला फारसीची अक्षरे आधीच ओळखीची असतात. त्याने कायद्याच्या पदवीबरोबर मोडीचा वर्ग केला, तर १८७९ चा कागद त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार नाही.